सगळं सालीचंच

“घरात ससं पाळल्यात काय ओ ताई?” काकड्या तागडीत टाकत अंबूबाईनं विचारलं.

निशा हसली. शनिवारी संध्याकाळी कपिलतीर्थ मंडईत उभं राहायला जागा नसते. मागून कुणाची तरी पिशवी पाठीला टोचत होती आणि पुढं अंबूबाईची भाजी इतकी ऐसपैस पसरलेली, की गिऱ्हाइकानं एका पायावर उभं राहावं.

“ससं कुठलं? उद्या डोंगराला जायचं असतंय न्हवं. ग्रुपला नेतो.”

“ती रंकाळ्यावर फिरणारी माणसं?”

“तीच. रविवारी सगळी मिळून जातो. प्रत्येकानं काय ना काय आणायचं आणि वर बसून एकत्र जेवायचं.”

“आन तुमच्याकडं कायम काकड्या?”

“कायम कुठं? मागल्या खेपंला केळी नेलती. थंडीत संत्री असत्यात. शेंगा उकडून नेतो. एकदा अंडी नेलती, उकडल्याली.”

अंबूबाईनं एक मोठी काकडी काढून तिच्या जागी बारकी टाकली आणि तागडी सारखी केली. “म्हंजे सगळं सालीचंच बगा,” ती म्हणाली, आणि लगेच पलीकडच्या माणसावर आवाज चढवला, “ओ पावणं, वांगी दाबू नगासा. ती काय आंबं न्हाईत.”

अंबूबाईच्या मनात काही नव्हतं. ती तोंडाला येईल ते बोलायची. निशाचं आडनावही तिला ठाऊक नव्हतं, कधी विचारायची गरज पडली नव्हती. पैसे देऊन निशा बाहेर पडली, महाद्वार रोडला आली, आणि समोर रिक्षा मोकळी उभी असून बसायचं विसरली.

काकडी, केळं, संत्रं, शेंग, अंडं.

तिनं पुन्हा आठवून बघितलं. एखाद्या रविवारी तरी आपल्याला भाजी सांगितली असेल. चटणी सांगितली असेल. निदान भात. सहा वर्षांत एकदाही नाही. तिचा हात जिथं लागतो तेवढं सोलून टाकता येईल, अशीच वस्तू तिच्या वाट्याला आली होती. आणि सोलायचं कामही तिच्याकडं कधी आलं नव्हतं. राजनंदिनीवहिनी घरून सुरी आणायच्या. “तू बस गं निशा, दमलीस. मी सोलतो,” म्हणायच्या. निशाला त्याचं कोण कौतुक. एवढ्या मोठ्या मराठ्याच्या घरातली बाई आपल्याला बसवते आणि स्वतः काकड्या सोलते.

पिशवी तिथंच गटारीत ओतावी असं तिला वाटलं. ओतली नाही. दोन किलो होत्या.

निशा कांबळे टेलिफोनच्या ऑफिसात चौकशीच्या टेबलावर बसायची. कानाला हेडफोन, समोर पडदा. अमक्या पेठेतल्या तमक्या डॉक्टरांचा नंबर द्या, ढमक्या गुऱ्हाळाचा द्या. तिनं द्यायचा. अख्ख्या शहरानं तिच्याकडून नंबर घेतला होता आणि तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. यंत्रांना धूळ लागू नये म्हणून त्या खोलीला खिडकीच ठेवली नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते चहा घेऊन येणाऱ्या माणसाच्या डोक्याकडं बघून कळायचं. चाळिशीच्या आत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मग ती रंकाळ्यावर जायला लागली. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट.

पहिले काही दिवस ती भिंतीला धरून एकटीच चालायची. आपल्या बापाचा तलाव असल्यासारखी माणसं मधून चालत, मोठ्यानं बोलत. एक दिवस त्यातल्याच घोळक्यातून आवाज आला, “चला की आमच्यासंगं. एकट्या का चालताय, नवऱ्याशी भांडून आल्यागत?” त्या राजनंदिनीवहिनी. धिप्पाड बाई, पांढरे बूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली. निशा त्यांच्यात शिरली. नाव विचारलं. निशा कांबळे. कुणाचं तरी पाऊल चुकल्यासारखं झालं आणि पुन्हा सगळे चालू लागले. या गावात जात विचारावी लागत नाही. आडनाव सांगितलं की काम भागतं, आणि विचारलं नाही म्हणून वर मोठेपणाही मिरवता येतो.

पण खोटं कशाला बोला, त्या माणसांनी तिला डोंगर दाखवला. शहरात जन्मलेली, शहरातच दिलेली बाई. सिद्धार्थनगरच्या बाहेर तिला माहीत काय, तर ऑफिस, मंडई आणि बिंदू चौक. पहिल्यांदा मसाई पठारावर उभी राहिली तेव्हा वारा गवतातून पळताना तिला डोळ्यांनी दिसला. एका टोकाला गवत वाकायचं आणि ते वाकणं तिच्या पायापर्यंत चालत यायचं. तिनं कारण नसताना एक हाक मारली. नुसतीच, “ओऽऽ”. खोलीत वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला आवाज. समोरच्या कड्यावरून तो परत आला.

“अहो, काय आवाज आहे तुमचा,” अतुल सर म्हणाले. हे चित्रकलेचे मास्तर, वाटा त्यांना माहीत. त्यांनी त्या दिवसापासून तिला काम दिलं. ग्रुपमध्ये शेवटी चालणाऱ्याला शेपूट म्हणायचे. वळण आलं की पुढचे थांबत. शेपटानं वळणावर येऊन हाक द्यायची, “शेपूट आलंऽ”. मागं कुणी राहिलं नाही, एवढं त्यातनं कळायचं. मग पुढून उत्तर यायचं, “याऽ या,” आणि सगळे पुन्हा चालू लागायचे. निशा कायमची शेपूट झाली. तिच्या हाकेशिवाय ग्रुपचं पाऊल पुढं पडत नसे. आठवडाभर ती खिडकी नसलेल्या खोलीत बसायची ती या एका हाकेच्या जोरावर.

पन्हाळ्याच्या उतारावर तिचा पाय मुरगळला तेव्हा अतुल सरांनी तिला पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. वहिनींनी गाडीत तिचं पाऊल मांडीवर घेऊन चोळलं होतं. तेही खरंच. म्हणूनच तिला सहा वर्षं काही दिसलं नाही. अंगाला अंग लागलेलं चालतं, भाकरी चालत नाही, असं काही असू शकतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पोरगा सम्राट दहावी पास झाला तेव्हा हीच माणसं घरी आली होती. चहा नको म्हणाली, आत्ताच घेतलाय. पोहे नको म्हणाली, पोट भरलंय. पेढे मात्र दोन-दोन खाल्ले. पेढे दुकानाचे होते.

ती घरी आली तेव्हा तिचा नवरा भाऊसो दारात पाटावर बसून बुटाला पॉलिश लावत होता. शिरोलीला एका कारखान्यात फिटर. दिवसभर उभा राहणारा माणूस. रविवारी फिरायला जाणं म्हणजे डोक्यावर परिणाम, असं त्याचं मत.

“आणल्या काकड्या?” त्यानं वर न बघता विचारलं.

“अहो, एक सांगू?” निशानं पिशवी खाली ठेवली. “मला कायम सालीचंच आणाय सांगत्यात.”

भाऊसोचा ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“ऐकलं का न्हाय?”

“ऐकलं की.”

“तुमाला ठाऊक हुतं.”

“म्हाईत असायला काय अक्कल लागती? कारखान्यात माझ्या डब्यातलं कोण खातंय आन कोण न्हाय, मला तोंडपाठ हाय. तू पयल्यांदा काकड्या आणल्यास तवाच कळालं.”

“आन सहा वरसं गप बसला?”

“मग काय करू?” त्यानं बूट खाली ठेवला. “सोमवारी त्या खुराड्यात जाताना तुजं तोंड बग आन रविवारी डोंगरावरनं आल्यावरचं बग. मला वाटलं, खाऊ देत काकड्या. बायको हसती तर.”

निशाला त्याच्यावर राग आला. त्यांच्यापेक्षा जास्त त्याच्यावर आला. जवळच्या माणसानं एवढं समजून घ्यावं आणि आपल्याला मूर्खासारखं मिरवू द्यावं, हे तिला सहन होईना. ती आत गेली, डबे आपटले, पुन्हा बाहेर आली.

“उद्या मी खर्डा-भाकरी नेणार.”

“नगं.”

“का नगं? कोल्हापुरात खर्ड्याला कोण न्हाय म्हणतंय का?”

“खर्ड्याला कोणच न्हाय म्हणत,” भाऊसो म्हणाला.

मग तो उठला, बूट आत ठेवले आणि पाटा-वरवंटा धुऊन तिच्या पुढ्यात आणून ठेवला.

“ने मग. पर उरलं तर परत घिऊन येऊ नगं. मला बघवायचं न्हाय.”

पहाटे तिनं मिरच्या तव्यावर पांढऱ्या डागांपर्यंत भाजल्या. लसूण, मीठ, भाजलेले शेंगदाणे घालून रगडल्या. घरात ठसका उठला. भाऊसो अंथरुणातच खोकला. ज्वारीच्या भाकऱ्या तिनं अशा पातळ थापल्या की उजेडाला धरल्या तर हात दिसावा. हा तिच्या आईचा हात होता. आई शहराबाहेर दुसऱ्याच्या शेतात राबायची आणि बांधावर बसून ही भाकरी खायची. बांधावर तिच्या शेजारी कोण बसायचं नाही, ते आईनं कधी सांगितलं नव्हतं. निशानंही विचारलं नव्हतं. नोकरी लागली, फोनवरून माणसं साहेबांशी बोलावं तसं बोलतात. तिला वाटलं होतं ते सगळं मागं पडलं.

काकड्या घरीच राहिल्या.

ट्रॅक्स गाडीत चढताच प्रीतीनं हात पुढं केला. प्रीती बँकेत होती, ग्रुपमध्ये सगळ्यांत लहान. कुणी काय आणायचं ते ठरवून शनिवारी फोन करायचं काम तिचं. “द्या ताई काकड्यांची पिशवी, मागं ठेवतो.”

“काकड्या न्हाईत. खर्डा-भाकरी आणलीया.”

प्रीतीचा हात तसाच राहिला. तिनं वहिनींकडं बघितलं.

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या. “कशाला एवढा तरास घेतलास? नोकरीची बाई तू.”

“तुमी घेताच की वैनी दर रविवारी.”

“आमचं काय, आमच्यात बाई हाय कामाला.”

गाडी सुरू झाली. कुणीतरी ऊस दराचा विषय काढला आणि सगळे मोकळे झाले.

पोहाळ्याशी गाडी थांबली. दिवाळी होऊन गेलेली, गवत पिवळं पडलेलं, सकाळचं ऊन अंगाला बरं वाटणारं. वर लेणी. त्यांच्याही वर जोतिबाचा डोंगर. निशा सवयीनं मागं राहिली. पहिल्या वळणावर तिनं हाक दिली, “शेपूट आलंऽ”. पुढून उत्तर आलं, “याऽ या”. वहिनींचा आवाज सगळ्यांत मोठा. निशाला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. भाजीवाल्या बाईच्या एका वाक्यावर आपण सहा वर्षांची माणसं मोडीत काढायला निघालो. आता वर बसतील, डबा उघडतील, चापून खातील, आणि घरी जाऊन भाऊसोला सांगू, बघ.

लेण्यात गारवा होता. सभोवार खडकातल्या बारक्या खोल्या, मध्ये मोकळा चौक. अतुल सर खांबाला हात लावून बोलू लागले. असं बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा.

“हा विहार. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात इथं मुक्कामाला असायचे. सकाळी भिक्षापात्र घेऊन खाली गावात उतरायचे. जे घर लागेल ते घर. घर निवडायचं नाही, हा नियम. कुणीही काहीही वाढू दे, पात्रात पडेल ते खायचं. विचार केवढा मोठा आहे बघा. त्या काळात.”

“निशाताईंना जास्त माहिती असणार,” प्रीती हसून म्हणाली.

पोरीनं प्रेमानंच म्हटलं. आणि त्यात सगळं आलं. म्हणजे माहीत होतं. सहा वर्षं कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं आणि सहा वर्षं सगळ्यांना सगळं माहीत होतं.

लेण्यासमोरच्या कातळावर चादर पसरली. डबे उघडले. वहिनींची थालीपिठं, प्रीतीच्या इडल्या, सरांच्या घरची कोथिंबीर वडी. कागदी पत्रावळ्या फिरल्या. निशानं फडकं सोडलं, भाकऱ्यांची चवड मध्ये ठेवली, खर्ड्याच्या डब्याचं झाकण काढलं. भाजलेल्या मिरचीचा वास कातळभर झाला. गाडीचा ड्रायव्हर लांब झाडाखाली बसला होता, त्यानंसुद्धा मान वळवली.

“वास काय सुटलाय,” सर म्हणाले.

“घ्या की सर.”

“घेतो, घेतो.” त्यांनी भाकरी उचलली, उन्हाकडं धरली. “काय पातळ आहे हो. कला आहे ही.” अर्धी मोडून पत्रावळीच्या कडेला ठेवली आणि वडी तोंडात टाकली.

“प्रीती, घे.”

“मला नको ताई, ॲसिडिटी झालीय हल्ली. तिखट बंद केलंय.” तिच्या इडलीवर लसणाच्या चटणीचं तेल लाल होऊन पसरलं होतं.

“वैनी?”

वहिनींनी पदर सारखा केला. “अगं, मी आवडीनं खाल्ला असता. पर आज रविवार, जोतिबाचा वार. डोंगर समोर हाय. लसूण चालत न्हाय मला.”

निशा त्यांच्याकडं बघत राहिली. ग्रुप दर रविवारीच डोंगरावर जात होता. गेल्या रविवारी वहिनींनी स्वतः लसणाचं लोणचं आणलं होतं आणि आजच्या थालीपिठातसुद्धा लसणाच्या पाकळ्या दिसत होत्या. दोघींनी त्या एकदमच बघितल्या. वहिनींनी थालीपिठावर दही ओतलं.

जेवण चालू राहिलं. डबे या हातातून त्या हातात गेले. भाकऱ्यांची चवड मध्ये होती आणि सगळे हात तिला वळसा घालून जात होते, रस्त्यात खड्डा असावा तसे. कुणी वाईट बोललं नाही. कुणी तोंड वाकडं केलं नाही. नुसतं हसणं थोडं वाढलं. मग सरांनी पत्रावळ मधोमध दुमडली आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकली. दुमडताना भाकरीचा तुकडा कडेनं बाहेर आला. त्यांनी तो अंगठ्यानं आत सारला.

“सर,” निशा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, नंबर सांगतानाचा. “ती भाकरी तुमी खाल्ली न्हाई.”

“अहो, पोट भरलं.”

“मग घेतली कशाला?”

कुणीतरी खाकरलं. सर हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

“सहा वरसं मी काकड्या आणतो,” निशा म्हणाली. “केळी आणतो. तुमी सोलून खाता. मला वाटायचं, नोकरीची बाई, हिला सोपं काम देऊया. असंच वाटायचं.”

“निशा, तसलं काय न्हाय बाई आमच्या मनात,” वहिनी म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, तोंड लालबुंद झालं होतं. “पाय मुरगळला तुझा तर मी मांडीवर घेतला. आठव जरा. आमी जात बघितली असती तर तुला पयल्या दिवशी हाक मारली असती का? तूच मनात आणतीस.”

“डोंगरावर कुठली आलीय जात,” सर म्हणाले. “आपल्या ग्रुपमध्ये तर नाहीच नाही.”

“मग एक घास खावा.”

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खर्डा लावला आणि हात पुढं केला. सरांच्या पुढं, मग वहिनींच्या. एवढीच तिची मागणी होती. भाषण नको होतं, माफी नको होती. एक घास.

सरांनी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी खाली चादरीकडं बघितलं आणि तिच्यावरचा एक कण बोटानं झटकला. प्रीतीच्या डोळ्यात पाणी आलं. पण हात तिचाही मांडीवरच राहिला. पोरीला रडू येत होतं, घास मात्र घेता येत नव्हता. कुणी शिकवलं असेल तिला एवढं पक्कं, आणि कधी?

निशानं तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. खाली मांडी ठोकली आणि एक अख्खी भाकरी खाल्ली. सावकाश, खर्ड्याला लावून लावून. खर्डा झणझणीत झाला होता. डोळ्यातून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. ज्याला जे समजायचं ते समजू दे. सगळे तिचं जेवण होईपर्यंत थांबले, कारण काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं. उरलेल्या भाकऱ्या तिनं खर्ड्यासकट ड्रायव्हरला नेऊन दिल्या. भाऊसोनं परत आणू नको म्हटलं होतं.

उतरताना ती नेहमीसारखी शेवटी होती. पहिल्या वळणावर पुढचे सवयीनं थांबले. निशा वळणावर आली, त्यांच्याकडं बघितलं आणि हाक दिली नाही. त्यांना ती समोर दिसत होती. मागं कुणी राहिलं नव्हतं हेही दिसत होतं. तरी कुणाचं पाऊल उचलेना. सगळे मान वर करून उभे. शेवटी सरच म्हणाले, “चला,” आणि मग ते उतरू लागले. दुसऱ्या वळणावर पुन्हा थांबले. तिसऱ्या वळणावर थांबायचं सोडून दिलं.

रंकाळ्यावर गाडीतून उतरताना वहिनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “फुडच्या रविवारी मसाई पठार. प्रीती फोन करंल.” हात मायेचा होता. निशाला तो झटकता आला नाही, याचाच तिला घरी जाईपर्यंत राग येत राहिला.

भाऊसोनं रिकामा डबा बघितला. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. काकड्या त्यानं आठवडाभर कारखान्यात नेऊन वाटल्या.

शनिवारी दुपारी प्रीतीचा फोन आला. बराच वेळ तिनं हवापाण्याच्याच गोष्टी केल्या. मग म्हणाली, “ताई, या वेळी तुम्ही काही आणू नका. नुसत्या या.”

“असं कुणी ठरवलं?”

“सगळ्यांनीच. म्हणजे तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून.”

“बरं.”

“मग येताय न्हवं? ताई, तुमच्याशिवाय मजा येत न्हाय.”

ते खरं होतं. त्यांना मजा येणार नव्हती, हे निशाला पक्कं माहीत होतं. तिला तरी कुठं येणार होती.

“न्हाय येत,” ती म्हणाली. “काकड्या तुझ्याकडं घे. कवळ्या बघून घे, अंबूबाई निबर घालती.”

आणि तिनं फोन ठेवला. दिवसभर लोकांचे फोन संपेपर्यंत थांबायची तिची नोकरी होती. आधी तिनं ठेवलेला हा पहिलाच.

रविवारी सकाळी ती पांघरूण घेऊन पडून राहिली. भाऊसो दोनदा आत आला, दोनदा बाहेर गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या अंगात पॅन्ट होती.

“ऊठ की.”

“कशाला?”

“डोंगर काय त्येंच्या बाचा हाय?”

“तुमी येणार?” ती उठून बसली. “जिना चढताना भिंत धरताय.”

“भिंत न्हाय का डोंगराला? धरतो की. भाकरी कर चार. पोहाळ्याची गाडी किती वाजता असती?”

चपला घालून भाऊसो डोंगर चढायला लागला. बूट म्हणे खराब होतात. अर्ध्या वाटेत त्यानं डोंगराला, जोतिबाच्या पायऱ्यांना, कारखान्याच्या मालकाला आणि डॉक्टरांना शिव्या दिल्या. दर चार पावलांवर तो एखाद्या झाडाची चौकशी केल्यासारखा थांबायचा आणि दम घ्यायचा. निशाला हसू येत होतं. गवत तेच होतं, ऊन तेच. वारा गवतातून तसाच धावत येत होता आणि तिच्या पायाशी थांबत होता. सगळं जागेवर होतं आणि काहीतरी फार नव्हतं. पुढं बोलण्याचा गलका नव्हता. वहिनींचं सात मजली हसू नव्हतं. मसाईच्या पठारावर ते आता पोहोचले असतील. शेपूट कोण झालं असेल?

भाऊसो पुढं गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. निशा वळणावर आली. तिनं ठरवलं नव्हतं. छाती भरली आणि आवाज आपोआप बाहेर पडला.

“शेपूट आलंऽ”

हाक दरीत गेली. लेण्यांच्या कातळावर आपटली आणि बारीक होऊन परत आली. निशा उभी राहिली. पाय उचलेना. उत्तर आल्याशिवाय निघायचं नसतं, सवय होती.

“आलीस न्हवं?” वळणापलीकडून धापा टाकत भाऊसो म्हणाला. “मग चल की. वरडतीस कुणाला, आपुन दोघंच तर हाय.”

ती चालू लागली.